शिक्षा न्यायालय देतं. मग तुरुंगाचं काम काय?

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची एक छोटी वसाहत आहे. तिथले कैदी जन्मठेपेसारखी मोठी शिक्षा भोगत आहेत, तरीही वसाहतीला तुरुंगाची भिंत नाही. कैदी बायकामुलांसह घरात राहतात, शेती करतात, मुलांना शाळेत धाडतात. हजेरी द्यावी लागते, ठरल्या हद्दीबाहेर परवानगीवाचून जाता येत नाही. बंधनं आहेत ती अशी. हा प्रयोग आजकालचा नाही, त्याला ऐंशी वर्षं होऊन गेली. एखादा भयंकर गुन्हा घडला की ‘तुरुंग शिक्षेसाठी की सुधारणेसाठी’ हा वाद नव्याने पेटतो. त्या वादात पडण्याआधी प्रत्येकाने स्वतंत्रपूर समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. बहात्तर गावांचं लहानसं संस्थान. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक. 1938-39 मध्ये त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार लोकांच्या हाती सोपवला. या कामात त्यांच्यासोबत मॉरिस फ्रीडमन हे पोलंडहून आलेले इंजिनियर होते. पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेणारे फ्रीडमन ते हेच. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांना बेड्यांवाचून, उघड्या माळावर, विश्वासावर ठेवायचं आणि त्यांनी स्वतःच्या कष्टावर जगायचं, ही त्यांची कल्पना राजेसाहेबांनी उचलून धरली आणि 1939 च्या सुमारास स्वतंत्रपूर उभं राहिलं. याच भागात, माणदेशात, वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये तिच्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. बर्लिनच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला.

चित्रपटाने प्रयोग घरोघरी पोहोचवला, पण एक अपुरी समजूतही रुजवली. भल्या जेलरच्या नजरेतली माया आणि जरब कैद्याचं मन पालटते, असं लोकांच्या लक्षात राहिलं. कोणतीही व्यवस्था एखाद्या सत्पुरुषाच्या नजरेवर पिढ्यान्‌पिढ्या चालत नाही. फ्रीडमन गेले, संस्थान विलीन झालं, अधिकारी बदलत राहिले आणि तरी वसाहत टिकली. ती टिकली याचं कारण तिच्या रचनेत आहे. ती कैद्यावर जबाबदारी टाकते. बंद तुरुंग नेमकी हीच गोष्ट त्याच्याकडून काढून घेतो.

कैद कशासाठी?

माणसाला कोंडून ठेवण्याची चार कारणं सांगितली जातात. पहिलं परतफेडीचं: केलेल्या अपराधाची किंमत मोजलीच पाहिजे. दुसरं जरबेचं: त्याचं पाहून इतरांनी धडा घ्यावा. तिसरं अटकावाचं: धोकादायक माणूस आत असेपर्यंत बाहेरचे सुरक्षित राहतात. चौथं सुधारणेचं: बाहेर पडताना तो पुन्हा गुन्हा न करणारा माणूस व्हावा.

चारही कारणं खरी आहेत. परतफेडीची मागणी रानटी म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या घरातला माणूस मारला गेला, त्या घराला न्याय हवा असतो आणि तो मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण ती परतफेड ठरवतं कोण? न्यायालय. न्यायाधीश गुन्हा तोलतात आणि अमुक इतकी वर्षं सक्तमजुरी असं माप सांगतात. स्वातंत्र्य हिरावलं जाणं ही ती शिक्षा. कैद्याला दुप्पट गर्दीच्या बराकीत झोपवा, आजारपणात डॉक्टर देऊ नका, घरच्यांची पत्रं अडवा, असं कोणत्याही निकालपत्रात लिहिलेलं नसतं. तुरुंगात गेल्यावर त्यात जी भर पडते, ती कोणी न ठोठावलेली शिक्षा असते.

सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व फार पूर्वी मान्य केलं आणि त्यातला एक महत्त्वाचा खटला मराठी पुस्तकावरून झाला होता. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी तुरुंगात अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. ते छापायला बाहेर पाठवण्याची परवानगी सरकारने नाकारली. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानबद्धतेच्या अटींत असा मज्जाव नाही, तेव्हा सरकारला तो करता येणार नाही. 1978 च्या सुनील बत्रा खटल्यात न्या. कृष्ण अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच दिशा पुढे नेली: तुरुंगाच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत.

जरबेचं काय? इटालियन विचारवंत चेझारे बेकारिया यांनी 1764 मध्येच मांडलं होतं की गुन्हेगाराला शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा शिक्षेच्या खात्रीचा धाक वाटतो. आधुनिक संशोधनाचाही कल त्याच बाजूला आहे. पकडलंच जाणार नाही, खटला वीस वर्षं लोंबकळेल, साक्षीदार फुटतील असा भरवसा असेल, तर तुरुंग कितीही भयानक केला तरी जरब बसत नाही. ती बसवायची असेल तर तपास आणि न्यायालयं सुधारावी लागतील. त्यांची उणीव बराकीतल्या हालअपेष्टांनी भरून निघत नाही.

दीडशे वर्षांचा वारसा

आपला तुरुंग असा का आहे, याचं उत्तर इतिहासात आहे. मेकॉले यांच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीने 1838 मध्ये अहवाल दिला. कैद्यांना शिक्षण, नीतीचे धडे, चांगल्या वागणुकीबद्दल सवलत अशा सगळ्या सुधारक उपायांना तिने नकार दिला आणि कंटाळवाण्या, कठोर श्रमांचा पुरस्कार केला. येरवड्याचा मध्यवर्ती तुरुंग 1871 चा. त्याच वर्षी इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि संपूर्ण जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. 1894 च्या तुरुंग कायद्यात फटके, बेड्या, शिक्षा म्हणून निकृष्ट अन्न अशा तरतुदी होत्या. कैद्यांची सुधारणा आणि पुनर्वसन हे तुरुंगाचं उद्दिष्ट असल्याचं पहिल्यांदा ठामपणे मांडलं ते 1919-20 च्या भारतीय तुरुंग समितीने.

स्वातंत्र्यानंतर अहवालांना तोटा नव्हता. न्या. ए. एन. मुल्ला समितीने 1980 ते 1983 या काळात देशभरच्या तुरुंगांचा सखोल आढावा घेतला, स्त्री-कैद्यांविषयी कृष्ण अय्यर समितीने 1987 मध्ये शिफारशी केल्या. तरी 1894 चा कायदाच पायाभूत राहिला. केंद्राने 2023 मध्ये नवा आदर्श कायदा तयार केला, पण तुरुंग हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय असल्याने तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचं. जुना वारसा किती खोल मुरला होता, हे 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालाने दाखवून दिलं. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतल्या, जातीनुसार कामं वाटणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. झाडलोट कोणी करायची आणि स्वयंपाक कोणी करायचा, हे तोवर कागदोपत्री जातीवर ठरत होतं.

या इतिहासात सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठीही एक इशारा आहे. पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलं गेलं, तेही त्यांना सुधारण्याच्या नावाखालीच. 31 ऑगस्ट 1952 रोजी त्यांची त्यातून सुटका झाली, पण पोलिसांच्या आणि समाजाच्या नजरेतला संशय आजही पुरता गेलेला नाही. माणसाला कमी लेखून केलेली सुधारणा ही शिक्षेचंच दुसरं रूप ठरते. स्वतंत्रपुरात कैद्याला शेतकरी आणि कुटुंबप्रमुख म्हणून वागवलं जातं, हा मोठा फरक आहे.

आतला दिवस आणि बाहेरचा दिवस

बंद तुरुंगातला दिवस जवळून पाहू. पहाटे बराकीचं कुलूप निघतं, गिनती होते. चहा, नाश्ता, काम, जेवण सगळं ठरल्या वेळी. रात्रीचं जेवण उजेडातच वाटून होतं आणि दिवस मावळायच्या सुमाराला पुन्हा गिनती होऊन कैदी आत जातात. काय खायचं, कधी झोपायचं, कोणाशेजारी झोपायचं, दिवा कधी मालवायचा, यातलं काहीही कैद्याच्या हातात नसतं. त्याने करायची ती एकच गोष्ट: सांगितलेलं ऐकणं. अशी दहा-बारा वर्षं गेली की रजेवर घरी घालवलेले दिवस सोडता त्याने स्वतःच्या पैशाने घर चालवलेलं नसतं, मुलाच्या शाळेत पाऊल टाकलेलं नसतं, एकही लहानमोठा निर्णय स्वतःच्या अकलेने घेतलेला नसतो. मग एका सकाळी त्याच्या हातात सुटकेचा कागद पडतो आणि त्याने ताबडतोब जबाबदार नागरिक व्हावं अशी अपेक्षा सुरू होते. ज्याला पाण्यात उतरूच दिलं नाही, त्याने दिसली नदी की पोहून जावं, असं म्हणण्यासारखंच हे आहे.

आता खुल्या वसाहतीतला दिवस घ्या. पिकाला पाणी आज द्यायचं की उद्या, बियाणं कोणतं आणायचं, मुलीच्या वह्यांना पैसे पुरतील का, शेजाऱ्याशी बांधावरून झालेली कुरबुर हातघाईवर न येता कशी मिटवायची, हे कैद्याला रोज ठरवावं लागतं. रागाच्या भरात हातून खून झालेल्या माणसासाठी यातलं शेवटचं शिक्षण सर्वांत मोलाचं आहे. ते प्रवचनातून मिळत नाही, रोजच्या सरावातूनच अंगी बाणतं.

मग कैदी पळून का जात नाही? कारण पळण्यात त्याचा तोटा आहे. खुल्या तुरुंगात शिक्षेत मिळणारी सूट बंद तुरुंगापेक्षा बरीच जास्त असते. पळाला तर ती गेली, नवा गुन्हा दाखल झाला आणि पुन्हा बंद बराक नशिबी आली. शिवाय घरची माणसं तिथेच असतात. भिंतीचं काम इथे उद्याच्या आशेकडे सोपवलेलं असतं. राजस्थानात जयपूरजवळ सांगानेरला 1963 पासून चालणारा खुला कॅम्पही याच तत्त्वावर उभा आहे. तिथले कैदी दिवसा बाहेर नोकरी-मजुरी करतात, स्वतःच्या कमाईवर घर चालवतात आणि आपापसातले प्रश्न बंदी पंचायतीत सोडवतात. त्याला नाव आहे डॉ. संपूर्णानंदांचं, उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री आणि नंतर राजस्थानचे राज्यपाल असताना त्यांनी खुल्या तुरुंगांचा पाठपुरावा केला.

पुरावा काय सांगतो?

इथे एक रास्त शंका निघते. खुल्या तुरुंगात निवडूनच चांगल्या वर्तणुकीचे कैदी पाठवले जातात, काही गुन्ह्यांतले लोक तर वगळलेच जातात. मग तिथले निकाल चांगले येणार, यात नवल काय? शंका बरोबर आहे. देशादेशांची आकडेवारी शेजारी ठेवूनही तिचं समाधान होत नाही. नॉर्वेत सुटल्यानंतर दोन वर्षांत सुमारे 20 टक्के लोकांना पुन्हा शिक्षा होते, तर अमेरिकेतल्या तीस राज्यांत 2005 मध्ये सुटलेल्यांपैकी सुमारे 68 टक्के तीन वर्षांत पुन्हा पकडले गेले. ही तुलना सर्रास केली जाते, पण एकीकडे शिक्षा मोजली आहे आणि दुसरीकडे अटक, मुदतही वेगळी.

शंकेचं खरं उत्तर एका हुशारीने केलेल्या अभ्यासात सापडतं. काही न्यायालयांत खटला कोणत्या न्यायाधीशाकडे जाईल हे योगायोगावर ठरतं. काही न्यायाधीश कैद सहज देतात, काही हात राखून. म्हणजे अगदी सारख्या गुन्ह्यातल्या दोन आरोपींपैकी एक तुरुंगात जातो, दुसरा केवळ नशिबाने जात नाही. अशा हजारो जणांचं पुढे काय झालं ते पाहिलं, तर तुरुंगाचा स्वतःचा परिणाम वेगळा काढता येतो. नॉर्वेतल्या अर्थशास्त्रज्ञांचा असा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे तुरुंगात जाऊन आलेल्यांचं पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं आणि हा फायदा मुख्यतः आधी बेकार असलेल्यांना झाला, कारण आत त्यांना कामाचं प्रशिक्षण मिळालं आणि बाहेर नोकरी लागली. अमेरिकेत टेक्सासमधल्या हॅरिस काउंटीत त्याच पद्धतीने केलेल्या अभ्यासात उलट दिसलं: कैदेनंतर गुन्हे वाढले आणि रोजगार घटला.

दोन्हीकडे स्वातंत्र्य हिरावलं गेलं होतं, म्हणजे शिक्षा दोन्हीकडे झालीच होती. फरक पडला तो आत घालवलेल्या काळाच्या वापरामुळे. शिक्षा की सुधारणा, असा प्रश्नच चुकीचा मांडला जातो, तो यासाठी. नॉर्वेचा पैसा आणि लहान लोकसंख्या आपल्याकडे नाही हे खरं. पण स्वतंत्रपूर काही श्रीमंतीतून उभं राहिलं नव्हतं. ते माणदेशच्या दुष्काळी माळरानावर उभं राहिलं.

पीडितांचा हक्क

सुधारणेच्या चर्चेत पीडितांचा विसर पडतो, ही तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे. कैद्याच्या पुनर्वसनाला योजना असावी आणि ज्याचं घर उद्ध्वस्त झालं त्याने कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे, हे अन्यायाचं आहे. पण कैद्याचे हाल केल्याने पीडिताच्या पदरात काय पडतं? कमावत्या माणसाचा खून झाला असेल तर त्याच्या बायकोला मुलांच्या शिक्षणाची चिंता असते. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांच्या मजुरीविषयी निकाल देताना सांगितलं की कैद्यांना रास्त वेतन द्यावं आणि त्यातला काही वाटा पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढणारा कायदा राज्यांनी करावा. ही वाट दोघांच्याही भल्याची आहे. कैदी खरोखर कमावू लागला, तरच तो काही देऊ शकेल. महाराष्ट्रात 2023 मध्ये वाढ होऊनही कैद्यांची रोजची मजुरी शंभर रुपयांच्या आतच होती. एवढ्यातून घरही चालत नाही आणि भरपाईही होत नाही.

तरीही आपल्याकडे काही चांगलं घडतं आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने 2022 मध्ये येरवड्यातून ‘जिव्हाळा’ योजना सुरू केली: कैद्याला 50 हजार रुपयांपर्यंत कर्ज आणि फेड त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून. बाप आत असतानाही मुलांची फी भरू शकतो, घरात त्याचं स्थान राहतं. काही तुरुंगांत ‘गळाभेट’ उपक्रमात मुलांना जाळीच्या आडून बोलण्याऐवजी आईबापांच्या कुशीत शिरता येतं. घराशी नातं टिकलेला माणूस सुटल्यावर घरी परततो. ते तुटलेल्याला जुनी टोळीच जवळ करते.

चारांपैकी तिघे

या सगळ्या चर्चेवर सावट टाकणारी एक वस्तुस्थिती आहे. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 5,73,220 लोक होते. त्यातले 4,34,302, म्हणजे जवळपास 76 टक्के, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. तुरुंगांत क्षमतेच्या 131 टक्के माणसं होती. ज्याचा अपराध ठरलेला नाही त्याला शिक्षा करता येत नाही आणि सुधारताही येत नाही. तो नुसता वाट पाहत बसतो. त्यातले कित्येक जामीन मंजूर होऊनही हमीदार मिळत नाही म्हणून अडकलेले असतात. सुधारणेच्या वाटेतली सर्वांत मोठी धोंड हीच आहे, कारण शंभर जणांच्या जागेत दीडशे माणसं असली की अधिकाऱ्याचा सगळा दिवस गिनती आणि भांडणं यातच जातो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, याआधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं आहे. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुन्या प्रकरणांतल्या कच्च्या कैद्यांनाही ते लागू असल्याचं स्पष्ट केलं. प्रत्येक तुरुंगाने ही यादी दर महिन्याला काढली आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने तिचा पाठपुरावा केला, तर एकही नवी भिंत न बांधता जागा मोकळी होईल.

पुढची पावलंही डोळ्यांसमोर आहेत. येरवडा, पैठण, स्वतंत्रपूर अशा खुल्या तुरुंगांच्या जागा वाढवाव्यात आणि पात्र स्त्रियांनाही त्यात बरोबरीने स्थान द्यावं. मजुरी वाढवून पीडितांचा वाटा कायद्याने बांधून द्यावा. सुटकेच्या किमान वर्षभर आधी कैद्याचं आधार कार्ड, बँक खातं, कामाचा दाखला तयार व्हावा आणि कारखानदार, शेतकरी संस्था, कंत्राटदार यांच्याशी नोकरीचं बोलणं तुरुंगानेच करावं. काही माणसं बाहेर राहणं खरोखर धोक्याचं असतं. त्यांना दीर्घकाळ आत ठेवावंच लागेल, पण तेही माणसासारखं.

फाशी आणि मरेपर्यंत कैद झालेले मोजके लोक सोडले, तर आज आत असलेला प्रत्येक जण कधी ना कधी बाहेर येणार आहे. तो आपल्याच गावात खोली घेईल, आपल्याच एसटीत बसेल, आपल्याकडेच काम मागायला येईल. तुरुंगात त्याला जबाबदारीची सवय लावायची हा त्याच्यावर केलेला उपकार नव्हे. तो आपण आपल्या लेकराबाळांच्या सुरक्षिततेसाठी केलेला खर्च आहे, आणि तो मागण्याचा हक्क मतदार म्हणून आपल्याला आहे. आमदार मतं मागायला आले की रस्ता-पाण्याबरोबर एक प्रश्न तुरुंगाचाही विचारायला हवा: आपल्या जिल्ह्यातल्या तुरुंगात कच्चे कैदी किती, आणि सुटलेल्यांपैकी कामाला किती लागले?